बोंडाचं छिद्र कुठे जातं?

मा. संपादक,

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात मी ऑनलाइन अर्ज भरून देतो. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) पोखरलेल्या बोंडाचा फोटो लोक आणतात. पोर्टल म्हणतं, ठरलेल्या केबीतच, म्हणजे फाइलच्या ठरलेल्या आकारातच, बसवा. बसवला की अळीचं छिद्र गायब! मग सगळे ‘कॉम्प्रेशन’ला, म्हणजे फाइल लहान करण्याला, शिव्या घालतात, तुमच्या पुरवणीतही तेच छापून आलं.

जरा फोड करायला हवी. जेपेग या फोटोच्या फाइल-प्रकारात फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे (ठिपक्यांचे) चौकोन पडतात, त्यांचं गणिती रूपांतर होतं आणि आलेले आकडे ठोकळ केले जातात. तपशील जातो तो इथं. त्यानंतर हफमनची पद्धत येते: वारंवार येणाऱ्या आकड्याला दोन-तीन बिटांचा (०-१ अंकांचा) संकेत, क्वचित येणाऱ्याला लांबलचक. कुठलाही संकेत दुसऱ्याची सुरुवात नसतो, म्हणून मध्ये खूण न ठेवताही सगळं जसंच्या तसं उलगडतं. एक बिट हरवत नाही. डेव्हिड हफमनने हे अमेरिकेतल्या एमआयटीत शिकताना शोधलं, १९५२ साली छापलं. (अंतिम परीक्षा चुकवायला प्रबंध घेतला होता, आमच्या पोरांना सांगू नका.)

सातबाऱ्याच्या स्कॅनला पीएनजी हा दुसरा फाइल-प्रकार बरा. त्यातही हफमन आहेच, पण ठोकळ करणं नाही, म्हणून अक्षरांच्या कडा टिकतात. बोंडाचा फोटो मात्र आधी बोंडापुरता कापावा, मग एकदाच लहान करावा. आणि पोर्टलवाल्यांनी केबीची मर्यादा थोडी वाढवावी, एवढंच मागणं.

– एक केंद्रचालक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ