मनू, सही करण्याआधी

पाथर्डी फाटा, नाशिक
रविवार, सकाळ

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

पुण्यातली द्राक्षबागांच्या ॲपची नोकरी सोडून बंगळूरच्या त्या मोठ्या परदेशी कंपनीची ऑफर घ्यावी का, म्हणून गुरुवारी रात्री तू फोनवर विचारलंस, "पप्पा, तुम्हाला काय वाटतं?" आणि मी म्हणालो, "तुला योग्य वाटेल ते कर." फोन ठेवला तेव्हा तुझी आई माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "पोरीने सल्ला मागितला आणि तुम्ही हात झटकलेत." तिचं खरं आहे. मला बोलायचं होतं, पण त्यातली एक गोष्ट मी आजवर तुलाच काय, तुझ्या आईलाही नीट सांगितलेली नाही. ती फोनवर निघाली नसती. म्हणून लिहायला बसलो.

आधी एक विषय मिटवून टाकतो. ही नोकरी आमच्यासाठी घेऊ नकोस. घराचं कर्ज कधीच फिटलं. पेन्शन अडीच हजारांच्या आतच आहे, हे तुला माहीत आहे, पण पीएफचे पैसे एफडीत आहेत आणि आईच्या गुडघ्यासाठी वेगळे काढून ठेवलेत. आमचं भागतं. आई त्या दिवशी "आमचं म्हातारपण सुखाचं होईल" म्हणाली ते आनंदाच्या भरात. ते हिशोबात धरू नकोस.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. माझं मत आहे, जा.

कारण सांगतो. सातपूरच्या आयटीआयनंतर माझी अप्रेंटिसशिप एका मोठ्या कारखान्यात झाली. तिथे एक स्टँडर्ड रूम, म्हणजे मापं तपासायची खोली, होती. बाहेर मे महिन्याचं ऊन असो की डिसेंबरची थंडी, आत कायम २० अंश. धातू उष्णतेने फुगतो, म्हणून जगभर लांबीचं माप २० अंशांवरचंच धरतात. मशीनवरून आलेला जॉब, म्हणजे घडवलेला भाग, तिथे लगेच मोजू द्यायचे नाहीत. तो ग्रॅनाइटच्या टेबलावर ठेवायचा, थंड होऊ द्यायचा आणि मग मायक्रोमीटर लावायचा. स्लिप गेजला, म्हणजे मापं पडताळायच्या ठोकळ्यांना, उघडा हात लावला तर आमचे उस्ताद बोटांवर पट्टी मारायचे. पुढे मी अंबडच्या छोट्या कारखान्यांत गेलो, तर वीस-वीस वर्षं काम केलेली माणसं गरम जॉब तसाच मोजायची आणि संध्याकाळी माप हललं की ऑपरेटरवर ओरडायची. हुशारीत ती माझ्यापेक्षा कमी नव्हती. त्यांना ती खोली कोणी दाखवलीच नव्हती.

दिवाळीत तू म्हणाली होतीस की आत्ताच्या ऑफिसात तुझ्या कोडमधली चूक काढणारं कोणी उरलं नाही. तेव्हा मी काही बोललो नाही, पण ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं आहे. सत्ताविसाव्या वर्षी कोणी चूक काढत नाही, हे चांगलं लक्षण नाही. तुझ्याहून दहा पटींनी शहाणी माणसं जिथे एका मजल्यावर बसतात, तिथे तीन-चार वर्षं काढ. ते तुला पुण्यात तेरा माणसांच्या ऑफिसात मिळणार नाही, आणि मालक कितीही भला असला तरी तो ते देऊ शकणार नाही.

पैशांचं बोलतो. तू पाठवलेलं ऑफर लेटर मी प्रिंट काढून पेन्सिल घेऊन वाचलं. जो मोठा आकडा आईने तुला दोनदा विचारला, त्यातला एक तृतीयांशाच्या आसपासचा भाग शेअर आहेत. ते चार वर्षांत मिळणार आणि पहिलं वर्ष पुरं होण्याआधी सोडलं तर एकही नाही. जॉइनिंग बोनससुद्धा वर्षाच्या आत सोडलं तर परत करायचा आहे. शेअर ज्या दिवशी तुझ्या नावावर होतील त्या दिवसाच्या भावाने ते पगारात धरून कर कापला जाईल, मग दुसऱ्या दिवशी भाव पडला तरी तो कर काही परत येत नाही. मेटाचा, म्हणजे फेसबुकच्या मूळ कंपनीचा, शेअर २०२२ या एका वर्षात निम्म्याहून खाली आला होता, आणि त्याच नोव्हेंबरात त्यांनी ११,००० लोकांना काढलं. दोन महिन्यांनी गूगलने १२,००० कमी केले. शेअरला पगार समजू नकोस. आला तर बोनस. शिवाय ते परदेशी शेअर असल्याने रिटर्नमध्ये वेगळ्या शेड्यूलमध्ये दरवर्षी दाखवावे लागतात. ते विसरलं तर मोठा दंड होऊ शकतो, म्हणून पहिल्याच वर्षी चांगला सीए धर.

पण नोकरी जाईल याची मला फारशी धास्ती नाही. तुझ्या हातात कसब आहे, दुसरी मिळेल. मला धास्ती वाटते ती नोकरी सोडता न येण्याची. ती काय असते ते मी पाहिलं आहे.

मार्च १९९९. तू आठ महिन्यांची होतीस. मी अंबडच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. वर्षअखेरचा डिस्पॅच चालू होता आणि ४०० बुशांचा, म्हणजे धातूच्या छोट्या पोकळ नळ्यांचा, एक लॉट माझ्या टेबलावर आला. ब्रेकच्या जोडणीतला भाग होता. प्लग गेजला दोन टोकं असतात, एक 'गो' आणि एक 'नो-गो'. गो भोकात गेलं पाहिजे, नो-गो तोंडाशीच अडलं पाहिजे. ते आत गेलं म्हणजे भोक मोठं झालं, जॉब स्क्रॅप. मी दहा पीस उचलले. सातव्यात नो-गो गेलं. ढकलावं लागलं नाही, स्वतःच्या वजनाने आत उतरलं. पुसून पुन्हा लावलं, पुन्हा उतरलं. आणखी वीस काढले, त्यात चार तसेच.

साहेब आले. म्हणाले, "ट्रक गेटवर उभा आहे. दोन मायक्रॉननी काय जग बुडतंय? सही कर, पुढच्या लॉटला बघू."

मला हातात ४,६०० पडत होते आणि घराचा हप्ता २,८०० होता. मी कर्ज घेतलं होतं तेच ओव्हरटाइम धरून. ओव्हरटाइम कोणाला द्यायचा ते साहेब ठरवायचे. मी नाही म्हणालो असतो तर काय झालं असतं कोण जाणे, कदाचित काहीच नाही. पण त्या क्षणी मला रिपोर्टचा कागद दिसत नव्हता, सोसायटीच्या हप्त्याचं पुस्तक दिसत होतं. मी सही केली.

तक्रार कधी आली नाही. त्या लॉटचं पुढे काय झालं ते मला आजही माहीत नाही. त्यानंतर कितीतरी महिने द्वारका चौकात सिग्नलला उभा राहिलो की समोरून येणाऱ्या टेम्पोंच्या चाकांकडे माझं लक्ष जायचं. रात्री तुला मांडीवर घेऊन बसलो की तेच आठवायचं. ज्या घरासाठी सही केली त्याच घरात मी आता हे लिहितोय. घराला मी कधी दोष दिला नाही. हप्ता माझ्या ऐपतीच्या वरचा होता, आणि ती माझी चूक होती.

तुझ्या क्षेत्रात बुश नसतात, पण सही करायची वेळ येतेच. २०१८ मध्ये गूगलमध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं एक काम चालू होतं, मेव्हन नावाचं. ड्रोनने टिपलेल्या चित्रफिती संगणकाकडून तपासून घ्यायच्या. सुमारे ४,००० कर्मचाऱ्यांनी त्याविरुद्ध सह्या केल्या, काहींनी राजीनामे दिले, आणि कंपनीने ते कंत्राट पुढे वाढवलं नाही. २०२४ मध्ये त्याच कंपनीत इस्रायल सरकारबरोबरच्या क्लाउडच्या कंत्राटाविरुद्ध काही जणांनी ऑफिसात ठिय्या दिला, तेव्हा सुमारे ५० जणांना घरी पाठवलं. या भांडणांत कोणाची बाजू घ्यायची ते तू मोठी आहेस, तुझं तू ठरव. मी वाचताना एवढाच विचार केला की ज्यांनी राजीनामा दिला किंवा जे खाली बसले, त्यांनी आदल्या रात्री घरी हिशोब केला असेल. किती महिने निघतील याचा. ज्याचे दोनच महिने निघत होते तो पोरगा बसला नसेल, मनातून कितीही वाटत असलं तरी. त्याला मी ओळखतो.

म्हणून माझं एक मागणं आहे. पहिली दोन वर्षं आत्ताच्या पगारात राहा. भाडं वाढेल ते धरून चालू, बंगळूर स्वस्त नाही. बाकीचं सगळं बाजूला टाक. पूर्ण एका वर्षाचा खर्च एफडीत पडेपर्यंत फ्लॅट नको, गाडी नको. लोक मागे लागतील. "एवढा पगार आणि भाड्याने राहते?" असं माझ्यासमोरही म्हणतील. त्यांना माझ्याकडे पाठव, मी बघून घेईन. आणि कधी फ्लॅट घेतलासच, तर हप्ता नुसत्या बेसिक पगारातून निघाला पाहिजे. शेअर आणि बोनस धरून काढलेला हप्ता म्हणजे माझा ओव्हरटाइम.

आणखी एक. लेटरमध्ये टीमचं नाव नाही. ते विचारून घे, लाजू नकोस. या कंपन्यांचा पैसा कुठून येतो ते बघितलं की कामाचा अंदाज येतो. गूगलच्या मूळ कंपनीचं तीन चतुर्थांशाच्या आसपास उत्पन्न जाहिरातींतून येतं. जाहिरातीचं काम वाईटच असं मी म्हणत नाही. पण एखादं पोरगं रात्री अकराऐवजी एकपर्यंत मोबाइलवर कसं राहील, हेच जर तुझं काम असेल, तर ते आधी कळलेलं बरं. जो मॅनेजर असेल त्याच्याशी अर्धा तास बोलायला मिळेल का विचार, आणि सरळ विचार की त्याच्या टीममधून गेल्या दोन वर्षांत किती जण गेले आणि कुठे गेले. उत्तर देताना तो चाचरला तर मला फोन कर.

आता मामाचं. निफाडहून परवा आला होता, द्राक्षांची पेटी ठेवून गेला. मी त्याला काही सांगितलं नाही. तुमच्या ॲपचं कौतुक करत होता. गेल्या सीझनला फवारणीनंतर काढणीआधी थांबायचे दिवस पुरे झाले नव्हते, ॲपने तारीख लाल दाखवली आणि त्याने काढणी चार दिवस पुढे ढकलली. २०१० मध्ये त्या सीसीसीच्या, म्हणजे वेलीची वाढ आवरणाऱ्या औषधाच्या, अंशापायी युरोपात आपल्याकडच्या द्राक्षांचे कंटेनर अडकले होते, तेव्हा तू शाळेत होतीस. मामा महिनाभर नीट जेवला नव्हता. त्यामुळे ती लाल तारीख त्याच्यासाठी काय आहे, ते मला कळतं. तुझी आत्ताची कंपनी पगार उशिरा करते, शिकवायला कोणी नाही, हे सगळं मान्य. पण तुझं काम कोणाच्या उपयोगी पडतं ते तिथे तुला डोळ्यांनी दिसतं. हे सोडताना वाईट वाटणार, आणि वाटू दे.

मात्र सीझनच्या मध्यावर सोडू नकोस. फेब्रुवारी-मार्च काढणीचे दिवस आहेत, मामासारखे कितीजण तेव्हा रोज ते ॲप उघडतात. नोटीस पिरियड आहेच, वर पंधरा-वीस दिवस लागले तर मागून घे आणि जॉइनिंग एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ठेव. एवढ्या मोठ्या कंपनीला पंधरा दिवसांनी काही फरक पडत नाही. ज्याच्या हातात काम देशील त्याला एकदा बागेत घेऊन जा, नुसत्या स्क्रीनवर समजावू नकोस.

मामाला तू स्वतः फोन कर. माझ्याकडून कळायला नको. दुपारी दोननंतर कर, सकाळी तो बागेत असतो आणि फोन झोपडीत ठेवलेला असतो.

तुझा,
पप्पा