नळाचा वार, डासांचा वार

प्रिय सतीश,
सप्रेम नमस्कार.

डासअळी पाहणीचं काम तुझ्या गळ्यात पडलं, हे वाचून बरं वाटलं. पण सुरुवात गटारापासून करू नकोस. डेंग्यू-चिकुनगुन्याचा एडिस डास घरातल्या साठवणीच्या पाण्यात वाढतो. तुमच्याकडे नळाला आठव्या दिवशी पाणी येतं आणि अंड्याचा डास व्हायलाही साधारण तेवढेच दिवस लागतात. सगळी मेख इथंच आहे.

टॉर्च, पांढरी ताटली, ओगराळं आणि चहाची गाळणी एवढं सोबत पुरे. झाकण धाडकन उघडलंस तर अळ्या बुडी मारतात आणि पाहणारा ‘निरंक’ लिहून मोकळा होतो. मिनिटभर थांब, श्वासाला वर येतातच. पाण्याच्या पृष्ठाला समांतर पडून असलेली अळी हिवतापाच्या अ‍ॅनॉफेलिसची. डोकं खाली करून लोंबणारी एडिसची किंवा क्युलेक्स या तिसऱ्या जातीच्या डासाची.

हिशेब सोपा आहे. समज, 50 घरांत 200 भांडी पाहिलीस आणि 6 घरांतल्या 9 भांड्यांत अळ्या निघाल्या. मग हाऊस इंडेक्स, म्हणजे शंभर घरांमागं अळ्यांची घरं, 12; कंटेनर इंडेक्स, म्हणजे शंभर भांड्यांमागं अळ्यांची भांडी, 4.5; आणि ब्रेटो इंडेक्स, म्हणजे शंभर घरांमागं अळ्यांची भांडी, 18. पण या आकड्यांना अंगणातली करवंटी आणि 500 लिटरचा हौद सारखेच. म्हणून कोषांचा, म्हणजे अळीनंतरच्या अवस्थेचा, वेगळा रकाना आख. स्वल्पविरामासारखा वाकडा कोष दोनेक दिवसांत डास होऊन उडतो. ज्या भांड्यात कोष जास्त, तेच गावाला डास पुरवतं. बहुधा अशी भांडी मोजकीच निघतात. कुलूपबंद घरं संध्याकाळी पुन्हा गाठ, नाहीतर आकडे उगाच गोंडस दिसतात.

अ‍ॅबेटिंग, म्हणजे पाण्यात टेमिफॉस हे अळ्या मारायचं औषध टाकणं, आरोग्यसेवकाकडूनच करून घे. 50 टक्के टेमिफॉस 1000 लिटरला 2 मिली, म्हणजे 200 लिटरच्या पिंपाला 0.4 मिली. हे अंदाजानं ओतायचं नाही, बिनसुईच्या सिरिंजनं मोजायचं. कोष काही खात नाही, त्यामुळे त्याला हे औषध फारसं लागत नाही. तिथं पाणी जमिनीवर ओतणं किंवा गाळणं हाच उपाय. आणि वासामुळे बायकांनी पिंप उपसून पुन्हा भरलं, तर औषधही त्या पाण्याबरोबर गेलं. अळ्या खाणारे गप्पी मासे वापरातल्या विहिरीत, मोठ्या हौदात ठीक. टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) जास्त पडलं की मात्र मरतात.

धुरळणीचा आग्रह होईल, कारण धूर सगळ्यांना दिसतो. त्यानं उडते डास मरतात. रांजणातल्या अळीला काही होत नाही.

कोरडा दिवस, म्हणजे सगळी भांडी रिकामी करून घासायचा दिवस, मात्र कॅलेंडर पाहून ठरवू नकोस. नळ येण्याच्या आदल्या दिवशी ठेव. भांडी तेव्हा तळाला गेलेली असतात, पाणी ओतायला कुणी कां-कूं करत नाही. नुसतं रिकामं करून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, आतल्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. काथ्यानं खसाखसा घासायला लाव. मग घट्ट झाकण, किंवा तोंडाला फडकं बांधून ठेवणं.

तुमच्या आळीत नळ कोणत्या वारी येतो ते कळव. त्यावर पाहणीच्या फेऱ्या लावून देतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनय