ताई, स्मरणिका आता फोनवर उघडतात, मनापासून आभार!

प्रिय ताई,

हे सगळं तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिता आलं असतं, पण ठाण्यात आणि तिकडे नवी मुंबईत आमच्यासारखी छोटी वाचनालयं, मंडळं बरीच आहेत, त्यांच्याकडेही जुने अंक स्कॅन करून नुसते पडलेत. तुम्ही आमच्यासाठी नेमकं काय केलंत ते त्यांनाही कळू दे, म्हणून उघडपणे लिहितोय.

आमच्या नौपाड्यातल्या वाचनालयाच्या जुन्या स्मरणिका आम्ही मेहनत घेऊन स्कॅन केल्या, वेबसाइटवर चढवल्या, आणि वाचत कुणीच नव्हतं. कारण अगदी साधं होतं, लिंकवर बोट ठेवलं की फोनमध्ये फाइल डाऊनलोड व्हायची आणि मग ती गेली कुठे हे सत्तरीच्या सभासदांना सापडायचंच नाही. "अरे डाऊनलोड झालं म्हणतोय, पण झालं कुठे?" असे फोन यायचे. मग तुमच्या सासूबाईच एकदा पुस्तक बदलायला आल्या तेव्हा म्हणाल्या की आमची सून सर्व्हरचंच काम करते, विचारून बघते. आणि तुम्ही खरंच आलात, शनिवारी, घणसोलीहून ट्रान्सहार्बरच्या गर्दीतून, आठवडाभर तेच काम ऑफिसात करून झाल्यावर. याचं मोल आम्हाला कळतं ताई.

आल्या आल्या लॅपटॉप उघडण्याआधी तुम्ही विचारलंत, की यातलं काय काय तुमच्या हक्काचं आहे? स्मरणिका आमच्याच, पण एका फोल्डरमध्ये जुन्या कथासंग्रहांचे स्कॅनही होते आणि लेखक गेल्यावर पुढची ६० वर्षं हक्क शाबूत असतात हे तुम्ही समजावलंत, ते फोल्डर आधी बाजूला काढायला लावलंत. मला ते फार आवडलं.

मग पीडीएफ डॉट जेएस. मोझिलाने २०११ मध्ये सुरू केलेला, २०१३ पासून फायरफॉक्स ब्राउझरमध्ये आतच बसवलेला, पीडीएफ फाइल दाखवणारा व्ह्यूअर, फुकट आणि ओपन सोर्स. तो आपल्या सर्व्हरवर ठेवला की फाइल ब्राउझरमध्येच पानापानाने दिसते, डाऊनलोडची भानगड नाही, वेगळं अ‍ॅप नाही. बाहेरच्या कंपनीचा तयार व्ह्यूअर पेजवर चिकटवणं सोपं होतं, पण आपले सभासद काय वाचतात ते तिसऱ्याला कशाला कळायला हवं, असं तुम्ही म्हणालात आणि कमिटीतले सगळे लगेच हो म्हणाले.

झिप उघडली, बिल्ड आणि वेब हे दोन्ही फोल्डर सर्व्हरवर गेले, व्ह्यूअर डॉट एचटीएमएल उघडलं, तर वरची पट्टी आली, बटणं आली, आणि खाली नुसतं करडं. बटणं दाबली तरी काही हलेना. तुम्ही कन्सोल, म्हणजे ब्राउझर आपल्या चुका लिहून ठेवतो ती खिडकी, उघडलात, लाल ओळ मोठ्याने वाचलीत आणि म्हणालात, सापडलं. फाइल जागेवर होती, पण नव्या व्हर्जनमध्ये जावास्क्रिप्टच्या फाइलींचं शेपूट डॉट एमजेएस असतं आणि आमच्या सर्व्हरवरच्या एनजिनएक्सला (फाइली ब्राउझरकडे पाठवणारा प्रोग्राम) ते माहीतच नव्हतं, म्हणून तो त्या ऑक्टेट-स्ट्रीम म्हणजे अनोळखी माल म्हणून पाठवत होता. अशा एमजेएस फाइलींच्या, म्हणजे मॉड्यूल स्क्रिप्टच्या, बाबतीत ब्राउझर कडक असतो, टाइप चुकला की चालवतच नाही. दाखल क्रमांकाची चिठ्ठी नसलेलं पुस्तक आमच्या काउंटरवरून बाहेर जात नाही ना, तसंच हे, असं तुम्ही शेजारी बसलेल्या आमच्या ग्रंथपाल बाईंना सांगितलंत आणि त्यांना ते एका क्षणात पटलं. कुठलं शेपूट म्हणजे कुठला माल याची यादी असते त्या माइम टाइप्सच्या फाइलमध्ये जेएसच्या शेजारी एमजेएस एवढाच शब्द वाढवलात, आधी कॉन्फिग तपासलंत, मग रीलोड. (एनजिनएक्सऐवजी अपाचे हा प्रोग्राम असेल तर एचटीअ‍ॅक्सेसमध्ये अ‍ॅडटाइपची एक ओळ टाकायची, हेही सांगून ठेवलंत, ते इथे इतरांसाठी लिहितोय.)

आणि पान उघडलं! एक इंग्रजी शोधनिबंध, २००९ चा, दोन कॉलमात. नमुना म्हणून तो व्ह्यूअरबरोबरच येतो हे आम्हाला कुठे माहीत, पण परका का असेना कागद दिसला म्हणून खोलीत टाळ्या पडल्या.

इथे एक गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे. आम्हाला आधी कुणीतरी सल्ला दिला होता की कशाला डोकं लावता, जुनं व्हर्जन टाका, त्यात साध्या जेएस फाइली आहेत, चटकन चालेल. चाललंही असतं. पण मे २०२४ मध्ये पीडीएफ डॉट जेएसमधली एक गंभीर फट जाहीर झाली, मुद्दाम बनवलेली पीडीएफ उघडली की त्यातला कोड ब्राउझरमध्ये चालू शकत होता, आणि ती ४.२.६७ व्हर्जनमध्ये बुजवली गेली. तुम्ही ते सांगितलंत आणि जुनं टाकायला साफ नकार दिलात. घाईत असलेल्या माणसाने हे केलं नसतं, आणि आम्हाला कधी कळलंही नसतं.

त्यानंतरचं काम तर आम्ही मागितलंही नव्हतं. आमचा सुवर्णमहोत्सवी अंक अवाढव्य आहे, सगळी पानं रंगीत स्कॅन, पहिलं पान दिसायलाच फार वेळ लागत होता. तुम्ही नेटवर्कचा टॅब उघडून दाखवलंत की अख्खी फाइल खाली येतेय, खरं तर व्ह्यूअर हवे तेवढे तुकडे मागू शकतो आणि सर्व्हर २०६, म्हणजे 'हा फक्त तुकडा', असं उत्तर देऊन तेवढेच पाठवतो, पण आमच्या कॉन्फिगमध्ये पीडीएफवरही जीझिप, म्हणजे पाठवताना फाइल दाबून लहान करणं, लावलेलं होतं आणि तसं असलं की तुकडे मागता येत नाहीत. स्कॅनमधली चित्रं मुळात दाबलेलीच असतात, जीझिपने फायदा जवळपास शून्य! ते काढलंत, क्यूपीडीएफ या प्रोग्रामने सगळ्या फाइली लिनिअराइझ केल्यात म्हणजे पहिल्या पानाला लागणारा मजकूर फाइलच्या सुरुवातीलाच येतो, आणि व्ह्यूअर बाकीची पानं आपणहून ओढत बसतो ते ऑटोफेच आणि स्ट्रीमिंग दोन्ही बंद केलंत, का, तर आजी-आजोबांचा रोजचा डेटा एका अंकात संपू नये. मी त्या टॅबकडे बघत होतो, २०६, २०६, २०६ अशा छोट्या छोट्या ओळी, आणि मुखपृष्ठ झटकन समोर. माझ्या अंगावर काटा आला, खरंच सांगतो.

फाइलींची नावं मराठीत होती, मध्ये मोकळ्या जागा, ती लिंकमध्ये एन्कोड करून घेतलीत. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलेला आणि न लावलेला पत्ता ब्राउझरच्या लेखी वेगळा असतो म्हणून व्ह्यूअर फाइल नाकारत होता, तेही मिटवलंत.

आता निकाल सांगतो. ज्यांचे फोन यायचे ते काका आता स्वतः अंक उघडून पान नंबर टाकून थेट आपल्या लेखावर जातात आणि मुलाला पुण्यात लिंक पाठवतात. ज्यांच्या फोनची भाषा मराठी आहे त्यांना बटणांची नावंही मराठीत दिसतात, त्यामुळे कुणाला विचारावं लागत नाही. एका सभासद बाईंना त्यांच्या वडिलांनी लिहिलेला छोटासा लेख सापडला, घरी त्याची प्रत नव्हती, त्या वाचनालयात येऊन सगळ्यांना तो वाचून दाखवून गेल्या. तुम्ही त्या दिवशी असायला हव्या होत्या.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, चहा आणि मामलेदारची मिसळ एवढ्यावर आमची बोळवण केलीत. निदान तहहयात सभासदत्वाला तरी नाही म्हणू नका, कमिटीने ठराव केलाय, कार्ड सासूबाईंकडे दिलंय. तुम्ही हाताने लिहून दिलेला कागद, कुठली फाइल कुठे आहे, नवीन व्हर्जन आलं की काय करायचं, तो लॅमिनेट करून कपाटाच्या दाराला आतून लावलाय आणि ग्रंथपाल बाईंनी त्यावरून नवा अंक स्वतः चढवला.

शोधायचं काम अजून उरलंय. स्कॅनच्या अंकांवर तुम्ही सुचवलेलं टेसरॅक्ट या प्रोग्रामचं मराठी ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं, चालवायला घेतलंय, जोडाक्षरं कुठे कुठे चुकतात पण नावं बरीच सापडायला लागलीत. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात केलेले अंक मात्र दिसायला छान आणि कॉपी केलं की भलतीच इंग्रजी अक्षरं, ते कसे घ्यायचे हे पुढच्या वेळी बसून बघू. घाई अजिबात नाही, तुम्हाला सवड असेल त्या शनिवारी या, स्टेशनवर घ्यायला येतो.

तुमचा,
वाचनालयाचा एक कार्यकर्ता, नौपाडा, ठाणे