मोटर लावण्याआधी नळाची जाळी काढून बघा

मा. संपादक यांस,

उन्हाळा लागला की आमच्या धायरी-नऱ्हे भागात टँकर आणि मोटर, दोन्हींना मागणी येते. टँकरच्या बाबतीत माझ्या हातात काही नाही. मोटरीबद्दल मात्र बोलतो, कारण मी प्लंबर आहे. हे लिहून मी स्वतःच्याच पोटावर पाय आणतोय, असं आमच्या मंडळींचं म्हणणं आहे.

"प्रेशर नाही, मोटर बसवून द्या," असा फोन आला की मी विचारतो, सगळ्याच नळांना नाही की एखाद्यालाच? बरेचदा उत्तर येतं, किचनचा नळ आणि शॉवर, बाकी ठीक आहे. मग मोटरीचा संबंधच काय? नळाच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती फिरवून काढा. घट्ट बसली असेल तर फडकं गुंडाळून पाना लावा. परवा एका वहिनींच्या ओट्यावर ती जाळी उलटी आपटली, तर वाळू, टेफ्लॉन टेपचे धागे आणि पाईप चिकटवायच्या सोल्युशनचा वाळका तुकडा निघाला. वहिनी पंपाचे भाव काढून बसल्या होत्या! टाकी धुतल्यावर असा कचरा हमखास येतो. पाणी बोअरचं असेल तर क्षाराचा पांढरा थर बसतो. जाळी तासभर व्हिनेगरमध्ये ठेवा आणि जुन्या ब्रशने घासा. शॉवरलाही हेच करायचं. मग सिंकखालचा अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून नळाकडे जाणारं पाणी बंद करायची छोटी चावी, पूर्ण उघडा आहे का तेवढं बघा.

जुन्या बिल्डिंगमध्ये जीआय, म्हणजे जस्त चढवलेले लोखंडी पाईप आतून गंजून अरुंद झालेले असतात. तिथे पाईप बदलायलाच लागतात.

गच्चीखालच्या मजल्याचं दुखणं खरं असतं. टाकीतलं पाणी नळापेक्षा दहा मीटर वर असेल, तेव्हा कुठे साधारण एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला) प्रेशर मिळतं. शेवटच्या मजल्यावर शॉवरच्या वर जेमतेम दोन-तीन मीटर उंची, म्हणजे पाव किलोच्या आसपास. कुठलाही कॉक फिरवून ते वाढणार नाही. सोसायटीला सांगून टाकीकडून येणाऱ्या लाईनवर छोटा बूस्टर पंप बसवा. पण महापालिकेच्या लाईनला थेट मोटर लावू नका. नियमात बसत नाही, जप्त होते, आणि शेजाऱ्याचा नळ कोरडा पडतो. शिवाय मोटर ओढायला लागली की लाईनमधलं प्रेशर पडतं आणि फुटक्या सांध्यातून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. तेच पुढे तुमच्याही हंड्यात येतं.

टॉवरमध्ये उलटी तऱ्हा. टाकीपासून साठ मीटर खालच्या फ्लॅटला सहा किलो प्रेशर बसतं. फ्लशची टाकी सतत वाहते, वॉशिंग मशीनची नळी सुटते. मग लोक बाथरूमचा कॉक अर्धा बंद करतात. त्याने धार बारीक होते, पण सगळे नळ बंद केले की आत प्रेशर पुन्हा पूर्ण सहा किलो. त्यासाठी डक्टमध्ये, म्हणजे पाईप जातात त्या उभ्या पोकळीत, प्रेशर कमी करणारा प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह असतो. तो फक्त तुमच्या फ्लॅटचा असेल तर वरचा लॉकनट सैल करून स्क्रू घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवा, एक नळ उघडून बंद करा, गेजवरचा काटा बघा, मग पुढचा पाव फेरा. दोन-तीन किलो घराला पुष्कळ होतं. अख्ख्या लाईनला एकच व्हॉल्व्ह असेल तर मात्र सोसायटीला विचारल्याशिवाय हात लावू नका.

माझी खरी तक्रार इथे आहे. बिल्डर पझेशनच्या फाईलमध्ये टाईल्सची कंपनी लिहून देतात, पण कुठला व्हॉल्व्ह कोणाचा याचा कागद मी अजून पाहिलेला नाही. डक्टमध्ये शिरलो की अर्धा तास हाका मारून "आता पाणी गेलं का?" विचारत बसावं लागतं. सोसायट्यांनी ऑइलपेंटने फ्लॅटचे नंबर व्हॉल्व्हशेजारी लिहून घेतले तरी पुरे.

आणि एक. स्टोरेज गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थोडं ठिबकतं, ते बरोबर आहे. सतत गळत असेल तर लाईनचं प्रेशर तपासा किंवा व्हॉल्व्ह बदला. पण तिथे बूच मारू नका. वाढलेलं प्रेशर बाहेर पडायची ती वाट आहे. अशी बुचं मी तीन हजारी नळ बसवलेल्या बाथरूममधूनही काढली आहेत.

आपला,
एक प्लंबर, धायरी, पुणे