आपण लॅपटॉपमध्ये बसवून दिलेल्या निनावी प्रोग्रॅमबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग.

विषय : नव्या लॅपटॉपवर सतत चालणाऱ्या अनोळखी प्रोसेसचा लेखी खुलासा मिळणे व ती कायमची काढून मिळणेबाबत.

महोदय,

हर्णै बंदराजवळ माझे ऑनलाइन अर्जांचे केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, आंबा-काजूचा फळपीक विमा, नौकांची कागदपत्रे, डिझेल परताव्याचे अर्ज अशी कामे मी करते. या कामासाठीच दापोलीतल्या विक्रेत्याकडून आपल्या कंपनीचा लॅपटॉप घेतला. त्यावर पहिल्यापासून एक प्रोसेस, म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम, चालू आहे. ती कोणाची आणि कशासाठी आहे, हे आपल्याकडचे कोणीही मला सांगत नाही, आणि ती इंटरनेटवरून काहीतरी बाहेर पाठवते आहे.

केंद्राचे इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालते. दिवसाचा डेटा दुपारीच संपायला लागला तेव्हा मी शोध सुरू केला. आपल्या ग्राहक सेवेने मला ‘घाबरू नका, विंडोजमध्ये असे बरेच काही चालते’ असे ऐकवले, म्हणून शोध कसा केला ते सविस्तर लिहिते. विंडोजमध्ये बरेच काही चालते हे मला माहीत आहे. ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’पुढे नव्वदीतला आकडा दिसला की लोक घाबरतात, पण तो प्रोसेसर रिकामा असल्याचा आकडा असतो. विंडोजच्या सेवा चालवणाऱ्या ‘एसव्हीसीहोस्ट’ नावाच्या डझनावारी ओळी दिसतात, त्यातही वावगे काही नाही; २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासून, साडेतीन जीबीहून जास्त रॅम असलेल्या मशीनवर बहुतेक सेवा वेगवेगळ्या ओळींत दिसतात. डेटा अपडेटमुळे जात असेल असे समजून मी ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ही बंद करून पाहिले, कारण त्या सोयीमुळे आपल्या मशीनवरचे अपडेट दुसऱ्यांच्या मशीनकडे पाठवले जाऊ शकतात. तरी डेटा जातच राहिला.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर, म्हणजे चालू प्रोसेसची यादी, उघडली आणि एकेक ओळ तपासली. एक ओळ अडली. नाव ‘एचएसव्हीसीएजीटी.ईएक्सई’. नावावरून काही बोध होत नाही. राइट क्लिक करून फाइलची जागा उघडली, तर ती विंडोजच्या स्वतःच्या ‘सिस्टिम३२’ फोल्डरमध्ये नव्हती, ‘प्रोग्रॅमडेटा’ या एरवी लपलेल्या फोल्डरमध्ये होती. प्रॉपर्टीजमध्ये वर्णन कोरे, उत्पादनाचे नाव कोरे, कंपनीचे नाव कोरे. फाइल कोणाची हे सिद्ध करणाऱ्या डिजिटल सिग्नेचरचा टॅबच नाही. रिसोर्स मॉनिटरच्या नेटवर्क विभागात पाहिले, तर मी काहीही करत नसतानाही हीच प्रोसेस सर्वांत जास्त डेटा पाठवत होती.

त्यानंतर मी ‘प्रोसेस एक्सप्लोरर’ हे मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातले मोफत साधन वापरले. त्यातून फाइलचा हॅश, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, ‘व्हायरसटोटल’वर तपासता येतो. तिथे अनेक अँटिव्हायरस इंजिनांचे निकाल एकाच वेळी पाहता येतात. उत्तर आले ‘अननोन’. ही फाइल त्यांच्या नोंदीतच नाही. नोंदीत नाही म्हणजे ती निर्धोक आहे असा अर्थ मी घेऊ शकत नाही, आणि आपणही घेऊ नये.

प्रोसेस बंद केली की थोड्याच वेळात ती पुन्हा उभी राहते. कारण टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम आपोआप सुरू करणाऱ्या विंडोजच्या सोयीत, सापडले. तिथे तिच्यासाठी एक नोंद आहे आणि ती ‘सिस्टिम’ खात्याच्या अधिकारांनी चालते. म्हणजे या मशीनवर माझ्या स्वतःच्या खात्यालाही नाहीत इतके अधिकार या निनावी फाइलला आहेत. ती नोंद मी बंद केली, तर आपल्या कंपनीच्या अपडेट प्रोग्रॅमने ती परत सुरू केली. इथेच मला कळले की हा बाहेरून आलेला व्हायरस नाही. खात्रीसाठी कामाच्या फाइली बाजूला काढून, आपल्याच रिकव्हरी पार्टिशनमधून लॅपटॉप कारखान्यातून आला तसा करून घेतला. दुसरा एकही प्रोग्रॅम बसवण्याआधी टास्क मॅनेजर उघडला. ती प्रोसेस हजर होती, आणि फाइलवरची तारीख माझ्या खरेदीच्या पावतीच्या आधीची होती.

एवढे सगळे सांगूनही आपल्या प्रतिनिधींनी दिलेली उत्तरे अशी : एकाने ती विंडोजचीच असल्याचे सांगितले. दुसऱ्याने फॉरमॅट मारायला सांगितले. तिसऱ्याने सांगितले की ती काढली तर वॉरंटीवर परिणाम होईल, लॅपटॉप मुंबईच्या सर्व्हिस सेंटरला पाठवा. लोकांच्या कागदपत्रांसकट मशीन मुंबईला कशी पाठवू? आणि जी फाइल आपली नाहीच असे एक जण म्हणतो, ती काढल्याने वॉरंटी का जावी?

माझ्या केंद्रात येणाऱ्या माणसांचा विचार करा. पावसाळी मासेमारीबंदीच्या दिवसांत बोटीवाले पुढच्या हंगामाची कागदपत्रे नीट करायला येतात. नोव्हेंबरअखेरीस विम्याची मुदत जवळ आली की बागायतदारांची रांग लागते. आधार कार्ड, बँक पासबुक, जमिनीचे उतारे माझ्या हातात देताना त्यांतले कितीतरी जण वाचूनही पाहत नाहीत, ‘तू बघ गो’ म्हणतात. ते कागद याच मशीनवर स्कॅन होत आले आहेत. त्यांच्यापैकी कोणी उद्या विचारले की माझे कागद कुठे गेले, तर मला ठाम उत्तर देता आले पाहिजे. आज आपल्यामुळे ते देता येत नाही, आणि याचा मला मनापासून त्रास होतो आहे.

कारखान्यातूनच आलेला प्रोग्रॅम धोक्याचा ठरू शकतो, ही माझी कल्पना नाही. लेनोव्होच्या काही लॅपटॉपमध्ये आधीपासून बसवलेला ‘सुपरफिश’ २०१५ च्या फेब्रुवारीत उघडकीस आला. जाहिराती दाखवण्यासाठी तो सुरक्षित वेबसाइटच्या व्यवहारातही मध्ये शिरत होता, आणि सगळ्या मशीनवर त्यासाठीची एकच खासगी किल्ली (गुप्त सांकेतिक संख्या) असल्याने ती मिळवणाऱ्या कोणालाही ग्राहकांना फसवता आले असते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यावर कारवाई केली आणि २०१७ मध्ये त्या कंपनीला तडजोड करावी लागली. आपला प्रोग्रॅम तसाच आहे असे मी म्हणत नाही. तो काय आहे ते सांगा, एवढेच म्हणते.

मला लेखी उत्तर हवे. फोनवर नको. ही फाइल कोणी बनवली, ती कोणती माहिती गोळा करते, कुठे पाठवते आणि आतापर्यंत माझ्या मशीनवरून काय गेले, हे त्यात असावे. वॉरंटीला धक्का न लावता ती कायमची काढण्याची पद्धत द्यावी, आणि आपल्या अपडेटमधून ती परत येणार नाही याची हमी द्यावी. मशीन तपासायचीच असेल तर तंत्रज्ञ हर्णैला पाठवावा, मी समोर बसेन. शिवाय आपण बसवून दिलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमचे नाव आणि काम सांगणारा कागद लॅपटॉपच्या खोक्यात घालावा. चार्जरची माहिती मिळते, मग ही का मिळू नये?

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. लॅपटॉप धंद्यासाठी घेतला म्हणून मी ग्राहक नाही, असा मुद्दा आपण काढू नये. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातून वगळलेली नाही. त्याच कायद्याने मला माझ्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते.

तोवर हा लॅपटॉप मी इंटरनेटपासून तोडून ठेवला आहे आणि काम उसन्या मशीनवर चालू आहे.

कळावे.

आपली ग्राहक,
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी

सोबत : खरेदीची पावती, सिरियल नंबरचा फोटो, टास्क मॅनेजर, टास्क शेड्युलर व फाइलच्या प्रॉपर्टीजचे स्क्रीनशॉट, फाइलचा हॅश.