पाय लागला की फाउलच?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हॉकीचा सामना हातचा गेला की खापर फोडायला पंचांचे डोके ठरलेलेच. मी बरीच वर्षे क्लबच्या सामन्यांत शिट्टी वाजवली आहे. त्यामुळे त्या डोक्यांत माझेही एक आहे, हे आधीच सांगून टाकतो.

एक प्रसंग अजून आठवतो. डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, बचावपटूच्या बुटाला चेंडू लागला आणि घरंगळत थेट आक्रमकाच्या स्टिकवर गेला. समोर फक्त गोलरक्षक. आक्रमकाला संधीचा फायदा मिळावा म्हणून मी शिट्टी न वाजवता हात उंचावून खेळ चालू ठेवला. पठ्ठ्याने फटका बाहेर मारला. झाले! सगळा संघ बुटाकडे बोटे दाखवत माझ्यावर धावून आला आणि बाहेरून प्रशिक्षक ओरडले, "डोळे घरी ठेवून आलात का?" डोळे जागेवरच होते. पण एकदा फायदा दिला आणि तो वाया गेला, म्हणून मागे जाऊन पेनल्टी कॉर्नर, म्हणजे गोलवर हल्ल्याची खास संधी, द्यायचा नाही, अशी पंचांना स्पष्ट सूचना असते. गंमत म्हणजे मध्यंतरात माझा जोडीदार पंच म्हणाला, "मी लगेच कॉर्नर दिला असता. त्यांचा ड्रॅगफ्लिकर, कॉर्नरवर चेंडू स्टिकने ओढून गोलात फेकणारा, बघितलास ना?" त्याचेही चूक नव्हते.

पाय लागला की फाउलच, असे प्रेक्षक धरून चालतात. नियम तसे म्हणत नाही. त्यातून त्या खेळाडूला फायदा झाला का, पाय मुद्दाम आडवा घातला का, हे पंचाने ठरवायचे. पेनल्टी कॉर्नरवरचा पहिला हिट गोलच्या तळाशी असलेल्या ४६० मिलिमीटरच्या फळीपेक्षा उंच नको, हे मोजता येते. पण एखादा फ्लिक 'धोकादायक' होता की नाही, याला पट्टी कुठून लावणार?

पॅरिस ऑलिंपिकमध्ये, २०२४ साली, ब्रिटनविरुद्ध आपल्या अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाले तेव्हा मीही टीव्हीसमोर तावातावाने बोललो. त्याची स्टिक ब्रिटनच्या खेळाडूच्या तोंडाला लागली हे सगळ्यांनी पाहिले. ती मुद्दाम लागली का, यावर वाद होता. मला आजही पिवळे कार्ड, म्हणजे काही मिनिटे बाहेर बसवणे, पुरेसे वाटते. पण व्हिडिओ पाहून लाल ठरवणारा माणूस विकला गेला होता, असे म्हणायला माझ्याकडे काहीच आधार नाही. आपण दहा जणांत खेळलो, बरोबरीनंतरच्या शूटआउटमध्ये (एकेक खेळाडू विरुद्ध गोलरक्षक) जिंकलो आणि हॉकी इंडियाने पंचगिरीबद्दल रीतसर तक्रारही केली. मतभेद नोंदवायचा तो असा.

२०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतली गोष्ट वेगळी. महिलांच्या उपांत्य शूटआउटमध्ये ऑस्ट्रेलियाचा पहिला प्रयत्न आपली गोलरक्षक सविताने अडवला आणि मग कळले, की प्रत्येक प्रयत्नासाठी लावायचे आठ सेकंदांचे घड्याळ सुरूच झाले नव्हते. प्रयत्न पुन्हा झाला, गोल झाला. इथे मताचा प्रश्नच नाही, ती सरळ चूक होती. आंतरराष्ट्रीय महासंघाने माफी मागितली, ते योग्यच झाले. तिथे आरडाओरडा झाला याचे मला वाईट वाटत नाही.

पंचमंडळीही काही धुतल्या तांदळासारखी नसतात. जोडीदाराला विचारणे म्हणजे कमीपणा, असे समजणारे मी पाहिले आहेत. सुरुवातीला मीही त्यातलाच. कर्णधाराने शांतपणे विचारले तर एका वाक्यात कारण सांगायला काय लागते? खेळाडूंनाही मोठ्या सामन्यांत रेफरल, म्हणजे निर्णय व्हिडिओवर तपासून घ्यायची सोय, आहे. हातांनी 'टी' केला की काम झाले. दावा चुकला तर रेफरल हातचा जातो, म्हणून तो मागणारा आधी स्वतःशी विचार करतो. घेराव घालणाऱ्याला तसे काही गमवावे लागत नाही. फार तर हिरवे कार्ड आणि दोन मिनिटे बाहेर.

आपल्या क्रीडा पानाला एक विनंती. 'पंचांच्या वादग्रस्त निर्णयामुळे पराभव' असा मथळा देताना खाली दोन ओळींत निर्णय काय होता आणि नियम काय सांगतो, तेही छापा. मग वाचकांनी पंचांना हव्या तेवढ्या शिव्या द्याव्यात.

आपला,
एक जुना पंच