अँझॅकच्या कथेतून गळालेले साल

प्रति,
संपादक

महोदय, स. न. वि. वि.

अँझॅक दिनानिमित्त (पहिल्या महायुद्धात लढलेल्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैनिकांच्या स्मरणदिनानिमित्त) आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर हे सैनिक उतरले ती २५ एप्रिल १९१५ ची पहाट आणि तिथे खेचरगाड्यांवरून रसद वाहणारे भारतीय जवान, या साऱ्यांविषयी लेखकाने आपुलकीने लिहिले आहे. पण लेख १९१५ वरून एकदम १९१८ च्या विजयावर जातो. मधल्या १९१६ चा त्यात उल्लेखही नाही. सेवानिवृत्तीनंतर मी ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या बॅलरॅट गावी मुलाकडे राहतो. हा देश जवळून पाहिल्यावर मला वाटू लागले आहे, की त्याची ओळख गॅलिपोलीपेक्षा त्या सालात काकणभर जास्तच आहे. म्हणून हे पत्र.

१९१६ च्या जुलैत फ्रान्समध्ये फ्रोमेलला एका रात्रीत साडेपाच हजार ऑस्ट्रेलियन सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. पाठोपाठ पोझिएरला सात आठवड्यांत आणखी सुमारे तेवीस हजार. तेव्हा अख्ख्या देशाची लोकसंख्या पन्नास लाखही नव्हती! लंडनहून दरमहा हजारोंच्या कुमकेची मागणी येत होती आणि स्वखुशीने भरती होणारे मात्र कमी होत चालले होते. देशाच्या संरक्षणासाठी देशातच सक्तीने सैन्यात घेण्याचा अधिकार सरकारला होता, परदेशी धाडण्याचा नव्हता. पंतप्रधान बिली ह्यूज यांना तो हवा होता. मजूर पक्षाचे हे नेते, पण त्यांचाच पक्ष या प्रश्नावर दुभंगलेला. सिनेटमध्ये कायदा मंजूर होण्याची आशा नाही. तेव्हा त्यांनी थेट जनतेचा कौल घ्यायचे ठरवले. तारीख होती २८ ऑक्टोबर १९१६.

युद्ध ऐन भरात असताना सरकारने घरोघरच्या माणसांना विचारले, की तुमच्या मुलांना सक्तीने लढायला न्यावे का? मतदारांत स्त्रियाही होत्या, कारण इथे त्यांना १९०२ पासूनच मताधिकार होता. (इथल्या बहुतेक आदिवासींना मात्र तो नव्हता, हेही सांगितले पाहिजे.)

सरकारने 'हो'साठी सगळे बळ पणाला लावले. बहुतेक मोठी दैनिके 'हो'च्या बाजूने होती, विरोधी मजकुरावर सेन्सॉरची कात्री होती. मतदान व्हायच्या आधीच एकवीस ते पस्तीस वयाच्या अविवाहित पुरुषांना छावणीत हजर होण्याचा हुकूम सुटला, त्यांचे बोटांचे ठसे घेतले गेले. हुकूम न पाळणारा तरुण मतदानाला आला तर केंद्रावरच त्याची चौकशी करायची, असाही घाट घातला गेला. त्याच्या निषेधार्थ आदल्या दिवशी तीन मंत्र्यांनी राजीनामे दिले. समोर होत्या कामगार संघटना, व्हिडा गोल्डस्टाइन यांच्यासारख्या शांततावादी स्त्रिया आणि मेलबर्नचे कॅथलिक धर्मगुरू डॅनियल मॅनिक्स. आयर्लंडमधला डब्लिनचा उठाव इंग्रजांनी त्याच वर्षी चिरडला होता, त्यामुळे इथल्या आयरिश वस्त्यांत राग धुमसत होता. सुगीला हात कमी पडतील ही शेतकऱ्यांची चिंता वेगळीच.

निकाल: 'हो' १०,८७,५५७, 'नाही' ११,६०,०३३. सैनिकांची मते मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात. त्यांत 'हो'ची सरशी झाली, पण ७२,३९९ विरुद्ध ५८,८९४ अशी. युद्ध काय असते हे जाणणाऱ्यांपैकी इतक्या जणांना दुसऱ्याला बळेच तिथे ओढणे मान्य नव्हते.

'नाही'ची बाजू सगळी स्वच्छ होती असे मी म्हणणार नाही. गोरे कामगार युद्धावर गेले की त्यांच्या जागी स्वस्तातले परके मजूर आणतील, ही भीती त्या प्रचारात मुद्दाम पेरली गेली. नेमकी तेव्हाच माल्टाच्या २१४ मजुरांना घेऊन एक फ्रेंच जहाज आले. नको असलेल्या परक्यांना अडवण्यासाठी तेव्हा श्रुतलेखनाची परीक्षा घेत. त्या मजुरांची ती चक्क डच भाषेत घेऊन त्यांना उतरू दिले नाही. जहाजाचे नाव आपल्या गंगेवरून ठेवलेले होते. ते वाचल्यापासून ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

पुढे ह्यूज मजूर पक्षातून बाहेर पडले, नवा पक्ष उभारून मे १९१७ ची निवडणूक दणक्यात जिंकले आणि त्याच डिसेंबरात त्यांनी पुन्हा कौल मागितला. या खेपेला 'नाही'चे मताधिक्य दुपटीहून वाढून १,६६,५८८ झाले. लोकांना तोच पंतप्रधान हवा होता, युद्धही जिंकायचे होते, फक्त सक्ती नको होती. हे दोन्ही एका मनात मावते, हे आपल्या वाचकांना कळावे अशी माझी इच्छा आहे.

कारण त्याच १९१६ च्या एप्रिलमध्ये मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कुत येथे सहाव्या पुणे डिव्हिजनने उपासमारीने शरणागती पत्करली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. त्या जवानांच्या घरच्यांना कोणी काही विचारले नव्हते. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्ध परिषदेत लोकमान्यांनी सैन्यभरतीला स्वराज्याचा प्रश्न जोडला, तेव्हा गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना बोलू दिले नाही आणि ते सभात्याग करून निघाले. हे दोन प्रसंग शेजारी ठेवून एखादा लेख आपण जरूर छापावा.

आमच्या गावाबाहेर बावीस किलोमीटर लांबीचा वृक्षरांगांचा रस्ता आहे. बॅलरॅट परिसरातून युद्धावर गेलेल्या प्रत्येकासाठी एक झाड, गेला त्या क्रमाने. एका कपड्याच्या कारखान्यातल्या मुलींनी १९१७ पासून ती लावली. त्यांतले एक आमच्या शेजारच्या बाईंच्या आजीच्या भावाचे आहे. आजीने मत दिले होते 'नाही'. झाडाला पाणी घालायलाही तीच जात असे, असे बाई सांगतात.

कळावे,
आपला एक वाचक
बॅलरॅट, ऑस्ट्रेलिया